चिमटा

बालगंधर्वला वरच्या दालनात प्रदर्शन होतं,
जुन्या पुण्याच्या दुर्मिळ फोटोंचं.
टांग्यांचा अड्डा, पुराखाली गेलेला लकडी पूल,
कुठल्याशा पेठेतला हौद.
लोक काचेवर बोटं टेकवत होते,
हे आपलं, ते आपलं, ते तर पाडलंच.

सतराव्या चौकटीपाशी मी थांबले.

एकसष्टचा ऑगस्ट. पानशेतचं पाणी उतरून महिना झालेला.
शाळेच्या पटांगणात या खांबापासून त्या खांबापर्यंत सुतळी
आणि सुतळीवर वाळत घातलेले लोकांचे फोटो.
शनिवारातल्या केंजळे फोटोग्राफरनी
आपल्या दुकानातला गाळ हातांनी चाळला,
निघाले तेवढे बादलीत धुतले, टांगले.
ज्याचा असेल त्याने न्यावा. पैसे नकोत.

मुंजीतले बटू. एक नवरा,
त्याच्या शेजारची नवरी शाईसारखी ओघळून गेलेली.
कुठल्याशा तालमीच्या ग्रुप फोटोतली फक्त मधली रांग.
आणि खाली माना वर करून उभी असलेली माणसं,
मेथीची जुडी निवडावी तशी
आपापली माणसं निवडत.

उजव्या कोपऱ्यात एक बाई.
एक हात दोरीवर, दातांत लाकडी चिमटा.
खाली पाटी :
‘हरवलेला फोटो सापडला! पूरग्रस्त स्त्री, नाव अज्ञात.’

नाव द्वारका.
माझी आत्या.

तिचा गजू पुरात नाही गेला.
तो आधीच गेला होता, अठ्ठावन्न साली, घटसर्पाने.
पुराने नेला तो त्याचा फोटो.
एकच काढला होता, तोही उधारीवर.

पुढे गोखलेनगरच्या पूरग्रस्तांच्या खोलीत
स्टोच्या वर, काजळी लागणार नाही इतक्या उंचीवर
गजू होता.
वेताच्या खुर्चीत, मागे रंगवलेलं तळं,
गुडघ्यापर्यंत पुराची तपकिरी रेघ,
जरीच्या टोपीखालून दोन्ही बाजूंना निघालेले कान.
माघातल्या त्याच्या तिथीला आत्या शिरा करायची
आणि पहिला घास खुर्चीला टेकवल्यासारखा
काचेला टेकवायची. डाग पडायचा. पुसायची.
आम्ही त्याला दादा म्हणायचो.

बाबा एकदाच बोलले, तिच्या तेराव्याला,
पानावरून उठता उठता, कोणाकडे न बघता :
गजूचे कान असे नव्हते.

आई म्हणाली, ताक वाढू का?

आता कळतं.
चौकटीतली आत्या हातातल्या फोटोकडे बघतच नाहीये.
ती बघतेय थेट कॅमेऱ्यात,
दुकानात मूठभर शेंगदाणे उचलताना
वाण्याची नजर पडावी तशी.
सापडला म्हणे.
सापडली ती आत्या.

आणि केंजळे?
ते मूल कोणाचं हे त्यांना नक्की माहीत असणार.
टोपी त्यांच्याच पेटीतली, तळं त्यांच्याच पडद्यावरचं.
अहो बाई, तो तुमचा नव्हे,
एवढंच म्हणायचं होतं.
त्यांनी बटण दाबलं
आणि बहुधा पुढच्या माणसाकडे वळले.

दाराशी संयोजकांची मुलगी वही घेऊन बसली होती,
काही माहिती असल्यास कृपया नोंदवा.
मी पेन उघडलं.
त्या पोराच्या आईचं काय, हा विचार तेव्हा आला,
साठ वर्षं उशिरा.
तीही त्या पटांगणात आली असेल,
दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत
दोन-तीनदा गेली असेल,
एका रिकाम्या चिमट्याखालून.

वहीत लिहिलं : फोटो छान आहेत. पंखे लावावेत.

परत आत गेले. सतराव्या चौकटीपुढे
एक सत्तरीचे गृहस्थ, चष्मा कपाळावर सरकवून
वाकून वाकून बघत होते,
दोरीवरचे फोटो एकेक करून, डावीकडून.
बायको म्हणत होती, चला हो, पार्किंगची वेळ संपली.

मी त्यांच्या मागे उभी राहिले
आणि बराच वेळ
त्यांचे कान बघत होते.